दुधी काचेची उजवी कड

आमच्या दहावीच्या वर्गाचा फोटो आजही माझ्या कपाटात आहे. त्यात मी आहे हे मला आधीच माहीत आहे, म्हणून मी सापडते. उजव्या टोकाची मुलं लख्ख आली आहेत. एकाच्या खिशातल्या पेनाची क्लिपसुद्धा दिसते. मधल्या खुर्च्यांवरचे शिक्षक ओळखू येतात. तिथून डावीकडं नजर नेली की चित्र मऊ होत जातं, आणि डाव्या टोकाला आम्ही मुली उभ्या आहोत तिथं चेहऱ्यांच्या जागी कणकेचे गोळे आहेत. दोन्ही वेण्या पुढं घेतलेली ती मी, एवढीच खूण.

फोटो जवळा बाजारच्या फोटोग्राफर काकांनी काढला होता. बाजारपेठेत त्यांचं दुकान होतं आणि मोठ्या समूहासाठी ते तिपाईवरचा लाकडी कॅमेरा आणायचे, पुढं-मागं ताणता येणाऱ्या भात्याचा. काळ्या कापडाखाली डोकं घालायचे, बाहेर यायचे, कुणाला तरी एक पाऊल मागं सारायचे, पुन्हा आत जायचे. त्यांच्या कामात घाई नव्हती. फोटो तयार होऊन आले तेव्हा मुख्याध्यापकांनी शाळेच्या व्हरांड्यात, आम्हा सगळ्यांदेखत, त्यांना विचारलं, "तुम्हाला दिसतं तरी का नीट?"

काकांनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मोठा कॅमेरा घेतलेले काका मी त्यानंतर पाहिले नाहीत. पुढं कळलं की त्यांनी फोटोचं कामच सोडलं, डोळे गेले म्हणून. तेव्हा ते चाळिशीत असतील. दुकानात वह्या, पेनं, बांगड्या आल्या आणि काकांच्या पत्नी, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, गल्ल्यावर बसू लागल्या.

मी आता कळमनुरीला राहते आणि हायस्कूलमध्ये गणित शिकवते. दिवाळीच्या साफसफाईत तो फोटो दर वर्षी हाती येतो आणि दर वर्षी मी तो परत ठेवून देते. एका वर्षी ठेवला नाही. भिंग घेऊन बसले आणि उजवीकडून डावीकडं एकेक चेहरा पाहत गेले. पेनाच्या क्लिपपासून कणकेच्या गोळ्यापर्यंत धूसरपणा एकदम आलेला नव्हता. तो सारख्या गतीनं वाढत गेला होता, आलेखावरच्या सरळ रेषेसारखा.

मला ते खटकलं. डोळा कमजोर असेल तर तो अख्ख्या चित्रात सारखाच चुकेल. अर्ध्या चित्रापुरता कमजोर होणारा, आणि तोही असा हिशेबानं होणारा डोळा मी ऐकलेला नाही. कुठली तरी एक सपाट वस्तू दुसऱ्या सपाट वस्तूशी समांतर नव्हती. हा भूमितीचा दोष होता, आणि त्याचं खापर एका माणसाच्या डोळ्यांवर फोडून सगळे मोकळे झाले होते. त्यात तो माणूसही आला.

माझं माहेर जवळा बाजारला लागूनच आहे. पुढच्या बाजाराच्या दिवशी गेले ती थेट त्या दुकानात. आता तिथं काकांचा मुलगा मोबाईल दुरुस्त करतो. कॅमेरा वरच्या फळीवर, मोबाईलच्या रिकाम्या खोक्यांमागं होता. मी विकत मागितला तेव्हा तो खूश झाला. म्हणाला, घेऊन जा ताई, फळी मोकळी होईल. पण म्हाताऱ्याला विचारा.

काका आतल्या खुर्चीवर बसून होते. ऐंशीच्या आसपास, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, चष्मा जाड. मी कुठल्या बॅचची ते सांगितलं तशी त्यांनी मान खाली घातली. ती बॅच ते विसरलेले नव्हते.

"कॅमेरा चांगला हाय, बाई," ते म्हणाले. "माहे डोळे गेले होते. तुमी काहून घेऊन राहिल्या?"

मी म्हटलं, मला वाटतं डोळे गेले नव्हते. आणि आलेखाचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग कॅमेऱ्याबद्दल बोलू लागले. नांदेडहून जुनाच आणलेला. त्यानं कधी तकलीफ म्हणून दिली नव्हती. दर खंडेनवमीला, दसऱ्याआधी अवजारं पुजतात त्या दिवशी, काकू तो उघडायच्या, मागची, फोटोआधी चित्र पाहायची दुधी काच काढून रिठ्याच्या पाण्यानं धुवायच्या, पूजा करून परत बसवायच्या. त्या दिवशी काका कॅमेऱ्याला हात लावत नसत. दुकान टाकल्यापासून हा नेम होता. आमच्या शाळेच्या त्या फोटोनंतर मात्र त्यांनी काकूंना कॅमेरा उघडू दिला नाही. मग काकू बंद कॅमेऱ्यावरच वरून हळद-कुंकू वाहत राहिल्या, त्या गेल्या तोपर्यंत.

मुलानं कॅमेरा पोत्यात बांधला. मी निघताना काका दारापर्यंत आले.

"जे निघंल ते सांगा, बाई. माहं मन राखायला काही सांगू नका. डोळ्यांचं होतं का न्हाई, तेवढंच."

मी तसा शब्द दिला आणि निघाले.

आमच्या घरी त्या पोत्याचं स्वागत झालं नाही. माझे यजमान खता-बियाण्यांचं दुकान चालवतात आणि घरात आलेली प्रत्येक वस्तू काय कामाची हे विचारतात. फोटो मोबाईलवर निघतात, हे त्यांनी मला दोनदा समजावून सांगितलं. मी म्हटलं, मला फोटो काढायचा नाही, चूक काढायची आहे.

"मग बराबर जागी आला कॅमेरा," ते म्हणाले. "या घरात चुका काढायचंच काम चालतं."

मी शनिवार दुपार आणि रविवार असे कॅमेऱ्यासाठी ठेवले. आधी धूळ. मग लाकूड: कुठं तडा आहे का, सांधे हलतात का. पितळी स्क्रू सगळे जागेवर होते. पुढची पाटी, जिच्यात भिंग बसतं, आणि मागची चौकट, जिच्यात काच बसते, या दोन्ही एकमेकींना समांतर हव्यात. गवंड्याकडून पाणसळ आणून दोन्हींवर धरली, मग भाता पूर्ण ताणून चारही कोपऱ्यांतून पट्टीनं अंतर घेतलं. चारही अंतरं सारखी. इथं दोष नव्हता.

भात्याला मात्र भोकं होती. कोठीच्या खोलीचं दार लावून, खिडकीला घोंगडी टांगून, भात्याच्या आत बॅटरी धरली तर घड्यांच्या कोपऱ्यांतून चांदण्या दिसल्या. जुन्या छत्रीच्या काळ्या कापडाचे तुकडे कापले आणि सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावून आतून चिकटवले. वाळू दिले, पुन्हा बॅटरी धरली, राहिलेली दोन भोकं बुजवली. प्रकाश गळण्याचा आणि एका बाजूच्या धूसरपणाचा काही संबंध नाही, हे मला माहीत होतं. पण एक दोष शोधताना दुसरा दोष तसाच ठेवला तर शेवटी कुठल्यामुळं काय झालं हे सांगता येत नाही. वर्गात मी हेच सांगते, एका वेळी एकच चल बदला.

फिल्म म्हणून एक्स-रेची फिल्म चालते. ती लाल दिव्यात हाताळता येते, त्यामुळं कापणं आणि धुणं दोन्ही मला न्हाणीघरात जमलं. पहिल्या दोन फिल्मा वाया गेल्या. तिसऱ्यापासून हात बसला.

चाचणीसाठी मी आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर वर्तमानपत्राची पानं ओळीनं चिकटवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. छापील अक्षर हे उत्तम मोजमाप. ते वाचता येतं किंवा येत नाही. भिंतीच्या दोन्ही टोकांपासून कॅमेऱ्यापर्यंत दोरी ताणून दोन्ही अंतरं सारखी केली. शेजारच्या वहिनी येऊन विचारून गेल्या की लिलावाची नोटीस लागली का. यजमानांनी त्यांना गंभीरपणे सांगितलं की भिंत दहावीला बसली आहे.

काळ्या कापडाखाली डोकं घातलं आणि मागच्या दुधी काचेवर भिंत पाहिली. प्रतिमा उलटी पडते, वरचं खाली आणि डावं उजवीकडं. पाच मिनिटांत सवय होते. एक कड मऊ दिसत होती; या कॅमेऱ्याची मागची चौकट फोकस जुळवायला थोडी वळवता येते, ती केसभर वळवली तशी पूर्ण काचेवर, चारही कोपऱ्यांपर्यंत, मथळे वाचता येऊ लागले. फोकस पक्का केला, काच बाजूला सारून तिच्या जागी फिल्मचा होल्डर सरकवला, भिंगाची टोपी काढली आणि लावली.

फिल्म धुतली. वाळल्यावर उजेडात धरली. चित्रात उजवीकडची पानं वाचता येत होती, मधली जेमतेम, आणि डावीकडची पानं म्हणजे नुसते राखाडी पट्टे.

यजमानांना वाटलं माझी निराशा झाली. खरं म्हणजे मला इतकं बरं वाटलं होतं की मी चहा टाकायला उठले. दोष अजून कॅमेऱ्यातच होता आणि तो माझ्या डोळ्यांनाही तसाच फसवत होता. मला चष्मा आहे, पण तो वाचायचा, आणि तो मी लावला होता.

आता एकेक संशयित बाजूला काढायचा. भिंग काढून अर्धं वळवून बसवलं. डावी बाजूच धूसर. भिंग सुटलं. होल्डर उलटा करून घातला, तरी डावीच. होल्डरही सुटला. कॅमेरा थोडा वळवून दोरी पुन्हा ताणली, डावीच. भिंत सुटली. राहिली दुधी काच. काचेवर सगळं स्वच्छ दिसत होतं आणि फिल्मवर नव्हतं, याचा अर्थ काच जिथं होती तिथं फिल्म नव्हती. ज्या पातळीवर आपण फोकस पाहतो नेमक्या त्याच पातळीवर फिल्म यायला हवी. या कॅमेऱ्याचं सगळं काम त्या एका अटीवर चालतं. आणि प्रतिमा उलटी असल्यामुळं चित्रातली डावी बाजू म्हणजे काचेची उजवी.

शाळेच्या प्रयोगशाळेतून व्हर्निअर कॅलिपर आणलं. विज्ञानाच्या सरांनी विचारलं, घरी काय मोजणार. मी म्हटलं, काच. त्यांनी पुढं विचारलं नाही. व्हर्निअरच्या शेपटाला एक बारीक सळई असते, खोली मोजायची. आधी तिची शून्य त्रुटी तपासली, नव्हती. मग काचेची चौकट कॅमेऱ्यापासून सोडवून आतली बाजू वर करून टेबलावर ठेवली. काच उलटी बसवली असण्याची एक शक्यता होती, तीही पाहिली: खरबरीत बाजू भिंगाकडंच होती, म्हणजे बरोबर. चौकटीवर पोलादी पट्टी आडवी ठेवली आणि पट्टीपासून काचेपर्यंत खोली घेतली. तसंच होल्डरमध्ये जुनी फिल्म घालून, त्याच पट्टीपासून फिल्मपर्यंत. पट्टीची जाडी दोन्हीकडं तीच, त्यामुळं वजा करायची गरज नाही.

फिल्म चारही कोपऱ्यांत ६.१ मिलिमीटर. काच, कॅमेऱ्यामागून पाहतो त्या हिशेबानं, डावीकडं वर ६.१, खाली ६.१. उजवीकडं वर ७.५, खाली ७.६.

प्रत्येक माप तीनदा घेतलं. दशांशातही हललं नाही. उजव्या कडेला काच जवळजवळ दीड मिलिमीटर मागं होती. एवढ्या अंतरानं, भिंग पूर्ण उघडं असताना, समूहातल्या मुलीचा चेहरा पुसला जातो.

काच तिच्या खाचेत चार पितळी चापांनी धरलेली होती. चाप वळवले, काच उचलली, आणि कारण समोर आलं.

उजव्या कडेच्या लाकडावर, काच टेकते त्याच जागी, वर आणि खाली असे दोन केशरी उंचवटे होते. मी आधी रंग समजले. नखानं टोकलं तर नख घसरलं, लाखेसारखं कठीण. जवळ नेल्यावर वास आला, जुन्या तेलाचा, मारुतीच्या देवळात येतो तो. खालच्या उंचवट्यात एक तांदळाचा दाणा अर्धा रुतलेला होता.

तेलात कालवलेला शेंदूर. आमच्याकडं कुठलीही वस्तू पूजेत बसवायची तर आधी तिच्या बसायच्या जागेची पूजा होते. कलश मांडताना खाली तांदूळ, पाटावर स्वस्तिक. काकू दर खंडेनवमीला काच धुवायच्या आणि परत बसवण्याआधी काचेच्या बैठकीला टिळा लावायच्या. उजव्या बाजूलाच, कारण शुभ हात उजवा. आधीच्या वर्षीचा टिळा खरवडून काढणं त्यांच्या मनातही आलं नसेल. देवाचा शेंदूर कोण खरवडतं? एका वर्षाचा थर कागदाएवढाही नसेल. थरावर थर चढत गेला, आणि ज्या वर्षी आम्ही दहावीला होतो त्या वर्षापर्यंत तो दीड मिलिमीटर झाला.

मी काच खाली ठेवली. माझं गणित बरोबर आलं होतं. डोळे बरे होते, हे मी आता आकड्यांत सांगू शकत होते. पण त्याच्याच मागून दुसरं वाक्य येत होतं, आणि ते काकूंचं होतं. काकू आता नव्हत्या. ऐंशीच्या माणसाला जाऊन सांगायचं की तुमचं काम तुमच्या बायकोच्या हातानं बुडालं, भक्तीनं बुडालं?

यजमानांनी ते उंचवटे पाहिले आणि त्यांच्यातला दुकानदार लगेच मार्गाला लागला.

"खरवडून टाक. लाकूड वाकलं होतं म्हणून सांग. लाकूड काय साक्ष द्यायला येणार हाय?"

हा सल्ला मायेचा होता, हे मला कळत होतं. काकांना हवं ते उत्तर मिळालं असतं आणि काकूंना धक्का लागला नसता. मी दोन दिवस त्यावर विचार केला. माझ्याकडं मुलं उत्तर बरोबर आणि रीत खोटी अशी उदाहरणं लिहून आणतात. मी त्यांना गुण देत नाही. इथं मीच तसं करून नेणार होते. शिवाय काकांनी मन राखू नका म्हणून बजावलं होतं, आणि मी शब्द दिला होता. आणि आणखी एक. लाकूड वाकलं असं सांगितलं तर तो पुन्हा कॅमेऱ्याचा, कुणाचाच नसलेला दोष झाला असता. हा थर कुणाचा तरी होता. तो काढायचा की नाही हे ठरवायचा हक्क माझा नव्हता.

म्हणून मी काहीच खरवडलं नाही. काच होती तशी बसवली, होल्डरमध्ये दोन फिल्मा भरल्या, व्हर्निअर आणि पट्टी पिशवीत घातली, आणि रविवारी आम्ही गाडीत कॅमेरा टाकून जवळा बाजारला निघालो. औंढा मागं पडल्यावर यजमान म्हणाले, "म्हातारा रडला तर मी बाहेर थांबीन."

दुकान बंद होतं. मुलानं शटर अर्धं वर करून आम्हाला आत घेतलं. मी काकांच्या पुढ्यात टेबलावर कॅमेरा ठेवला आणि काचेची चौकट सोडवली. त्यांच्या नजरेला नजर देऊन आधी उत्तर सांगितलं, मग रीत.

"काका, डोळ्यांचं नव्हतं. काच आणि फिल्म एका पातळीत नव्हत्या. डावीकडं बरोबर, उजवीकडं दीड मिलिमीटरचा फरक. तुम्हाला काचेवर जे दिसत होतं ते खरंच स्वच्छ दिसत होतं."

मग चाप वळवून काच काढली आणि रिकामी चौकट त्यांच्या हातात दिली. कारण मी तोंडानं सांगितलं नाही. त्यांनी डाव्या कडेवरून अंगठा फिरवला, वरून खाली. मग उजव्या कडेवरून. अंगठा थांबला.

"हे तिचं हाय," ते म्हणाले.

मी हो म्हटलं.

मुलगा पुढं झाला, वाकून पाहिलं. "म्हंजे बाबा, आईच्या पूजेनं..."

"तू थांब जरा."

अंगठा तिथंच होता. खालच्या उंचवट्यातला तांदूळ त्यांना लागला असावा. त्यांनी तो नखानं हलवून पाहिला. हलला नाही. माझे यजमान खरंच शटरकडं सरकले. पण काका रडले नाहीत. त्यांच्या छातीतून एक आवाज आला, आणि तो हसण्याचा आहे हे कळायला मला क्षण लागला.

"मी तिला काय म्हणलो होतो ठाव हाय का, बाई? शाळेतून आलो त्या दिवशी. म्हणलो, इतके साल शेंदूर लावून राहिली, काय उपेग झाला? तुही पूजा काही कामाची न्हाई. आता काच उघडायची न्हाई." त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत लावला. "कामाची न्हाई म्हणलो. अन् तीच तेवढी काम करून राहिली होती."

त्यांनी चौकट मांडीवर घेतली.

"ती असती तर आज मलाच धरलं असतं. म्हणली असती, लागली का न्हाई माही पूजा? दीड, काय म्हणल्या बाई?"

"मिलिमीटर."

"दीड मिलिमीटर लागली." ते पुन्हा हसले, आणि मग हसू थांबवून, एखादी गोष्ट जागेवर ठेवावी तसं म्हणाले, "म्हंजे माहे डोळे बराबर होते."

"बरोबर होते."

"तवा."

"तेव्हा बरोबर होते, काका."

त्यांनी मान हलवली. इतक्या वर्षांनी कुणाचे डोळे बरोबर होते यानं काय फरक पडतो, असं यजमानांनी मला येताना विचारलं होतं. त्या मान हलवण्याकडं पाहून त्यांनी तो प्रश्न परत विचारला नाही.

मी विचारलं, शेंदूर काढायचा का. ते म्हणाले, काढावा लागंल, पण मी काढतो. मुलाकडून खोबऱ्याचं तेल आणि दुरुस्तीच्या कामातली पातळ पोलादी पात मागवली. तेल लावून चौकट उन्हात ठेवली, मग पात लाकडाला समांतर धरून एका बाजूनं सारली. हात कापत होता. पात लाकडाला टेकली की कापायचा थांबायचा. वरचा उंचवटा अख्खा निघाला, खपली निघावी तसा. खालचा दोन तुकड्यांत. त्यांनी तिन्ही तुकडे वर्तमानपत्रात बांधले, खिशात ठेवले आणि मुलाला सांगितलं की उद्या पूर्णेवर जाऊ. मारुतीच्या अंगावरचं शेंदराचं कवच सुटलं की ते नदीतच सोडतात.

मी काच बसवली, चाप लावले, पट्टी ठेवली, व्हर्निअर काढलं. चारही कोपरे ६.१. काकांनी आकडे विचारले. मी एकेक करून सांगितले. त्यांना आकडा कळला की नाही कोण जाणे, पण चारदा तोच आला हे कळलं.

"फिल्म आणली का?" त्यांनी विचारलं.

दुकानामागं मोकळी जागा आहे, तिथं मागच्या भिंतीसमोर तिपाई मांडली. काकांना धरून न्यावं लागेल असं मला वाटलं होतं. त्यांनी कॅमेऱ्याची मागची कड धरली आणि स्वतःच उभे राहिले. मला समोर जायला सांगितलं. मुलाला आणि माझ्या यजमानांना उजवीकडं उभं केलं. काळं कापड डोक्यावर घेतलं. कापडाखालून आवाज आला, पूर्वीचाच, घाई नसलेला.

"बाई, तुमी डावीकडं. अजून. कडेला जा, पार कडेला."

मी भिंतीच्या डाव्या टोकाला जाऊन उभी राहिले. भाता पुढं गेला, मागं आला, पुन्हा केसभर पुढं गेला. मग बराच वेळ काहीच हललं नाही. मला भीती वाटू लागली. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, वय, कापणारा हात; तेव्हाचे डोळे बरोबर होते हे मी सिद्ध केलं होतं, आजच्या डोळ्यांबद्दल माझ्याकडं एकही माप नव्हतं.

"बाई," कापडाखालून आवाज आला, "खांद्यावरची पिन उघडी हाय तुमची. टोचंल."

मी खांद्याला हात लावला. पदराची पिन उघडीच होती. ती बंद केली, आणि मग हलले नाही.